आबांच्या लिव्हरचा रिपोर्ट किलोपास्कलमध्ये आलाय, पेशी कडक होतात म्हणजे नेमकं काय होतं?

उद्यमबाग_क्यूसी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे खरं वाचून सांगा. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, १४ वर्षं झाली. आमचे आबा खानापूर तालुक्यात गावाकडं असतात, वय ६३, शुगर आहे बऱ्याच वर्षांपासून, माळकरी माणूस, दारूला आयुष्यात हात लावला नाही. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं म्हणून बेळगावात फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी) करून घ्या म्हणाले, केला, रिपोर्टवर आकडा आहे ११.८ केपीए, म्हणजे किलोपास्कल. तिथले डॉक्टर कन्नडमध्ये सांगत होते, माझं कन्नड कामापुरतं, "लिव्हर गट्टी आगैती", म्हणजे कडक झालंय, एवढं डोक्यात बसलं. बाहेर येईपर्यंत आबा विचारायलेत, माझं काळीज दगड झालंय काय रे. काय सांगणार.

आता मी रोज सकाळपासून कडकपणाच मोजतोय. १० मिलिमीटरचा बॉल, ३००० किलोचा लोड, कास्टिंगवर खड्डा पडला की भिंगातून त्याचा व्यास बघायचा, ग्रे आयर्न, म्हणजे साधं बीड, १८० ते २२० ब्रिनेलमध्ये (हे कडकपणाचं माप) आलं की पास. पातळ कडेला चिल बसली, म्हणजे ती कड लवकर थंड होऊन जास्त कडक झाली, की आकडा वर जातो आणि गिऱ्हाइकाचं टूल मोडतं, लई मऊ आलं तरी रिजेक्ट. म्हणजे आमच्याकडं कडक चांगलं किंवा वाईट असं काही नसतं, ड्रॉइंगवर लिहिलंय त्यात बसलं पाहिजे. शरीरातल्या पेशींना असं काही ठरलेलं असतं काय? आणि किलोपास्कल तर प्रेशरचं युनिट, ते कडकपणाला कसं? आणि मुख्य म्हणजे हा कडकपणा हाच आजार आहे, का ताप येतो तशी आजाराची नुसती खूण? कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, आबांना सांगता येईल असं.

निपाणीकर९४

दादा, मी निपाणीचा, सध्या बेंगळुरात पेशींच्या मेकॅनिक्सवरच पीएचडी करतोय त्यामुळं तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी युनिट. ब्रिनेलमध्ये तुम्ही बघता कायमचा खड्डा किती पडला. फायब्रोस्कॅन खड्डा पाडत नाही, तो बघतो की ढकललं तर वस्तू किती वाकते आणि परत जागेवर येते, म्हणजे यंग्स मॉड्युलस, आणि तो पास्कलमध्येच येतो. तुमच्या ग्रे आयर्नचा साधारण १०० गिगापास्कल, निरोगी लिव्हरचा ५ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे बीड हे लिव्हरपेक्षा दोन कोटी पट ताठ. ११.८ आलं म्हणजे लिव्हर अजूनही साध्या रबरापेक्षा कितीतरी मऊ आहे, आबांना पहिलं हे सांगा, दगड वगैरे काही नाही.

मोजतात कसं तर तुम्हाला लगेच कळेल, तुमच्याकडं एसजी आयर्नची नोड्युलॅरिटी (आतलं ग्राफाइट किती गोल झालंय ते) अल्ट्रासॉनिक व्हेलॉसिटीवरून, म्हणजे आवाजाच्या वेगावरून, बघतात ना, एसजीमध्ये आवाज जास्त जोरात पळतो, ग्रेमध्ये कमी? तसंच. प्रोब बरगड्यांच्या फटीत ठेवून हलका टोला देतो, त्यातून आत एक आडवी थरथर जाते, ती किती वेगानं पुढं सरकते ते त्याच प्रोबमधला अल्ट्रासाउंड कातडीखाली अडीच ते साडेसहा सेंटिमीटर खोलीवर टिपतो. ५ किलोपास्कलच्या लिव्हरमध्ये ती सेकंदाला साधारण १.३ मीटर जाते, आबांच्यात २ मीटर. वेगाचा वर्ग करून मॉड्युलस निघतो म्हणून वेग दीडपट वाढला की आकडा दुपटीच्या वर जातो.

आता तुमचा खरा प्रश्न, आजार का खूण. दोन्ही, आणि याच गोष्टीसाठी मी या विषयात पडलो. लिव्हरमध्ये स्टेलेट नावाच्या पेशी असतात, एरवी त्या गप बसून व्हिटॅमिन ए साठवतात. चरबीनं, व्हायरसनं, दारूनं लिव्हरला सतत इजा होत राहिली की त्या रूप बदलतात, लांबट होतात, आकसायला लागतात आणि कोलॅजनचे धागे बाहेर सोडतात, जखमेचा व्रण भरतो तसं. धाग्यांनी आजूबाजूचा भाग ताठ होतो. आणि पेशीला आजूबाजूचा ताठपणा कळतो! ती पायाखालची जमीन ओढून बघत असते, ओढल्यावर जमीन सरकली नाही की आतले प्रोटीन केंद्रात जाऊन जीन चालू करतात आणि पेशी आणखी धागे सोडते. म्हणजे कडकपणातून कडकपणा. २००७ साली उंदरांवरच्या कामात दिसलं होतं की लिव्हर ताठ व्हायला आधी लागलं, कोलॅजन साचलेलं नंतर दिसलं. त्यामुळं नुसती खूण म्हणून भागत नाही.

हे मी डोळ्यांनी बघतो रोज. अॅक्रिलामाइडचं जेल करतो आम्ही, काचेवर एक थेंब टाकायचा, वरून दुसरी काच, अर्ध्या तासात बसतं. क्रॉसलिंकर (जेलचे धागे एकमेकांना बांधणारं रसायन) कमी घातला की एक किलोपास्कलचं होतं, ते चिमट्यानं उचलायला गेलं की फाटतं. जास्त घातला की वीस-तीसचं. दोन्हीवर त्याच बाटलीतल्या पेशी, तेच खाद्य, तोच इनक्युबेटर. दुसऱ्या दिवशी मऊ जेलवरच्या पेशी पाण्याच्या थेंबासारख्या गोल बसलेल्या असतात आणि कडक जेलवरच्या चारी बाजूंना पाय पसरून, आत अॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे दोर मांजासारखे ताणलेले. औषध नाही, जंतू नाही, फक्त जमीन बदलली. २००६ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात तर असं दाखवलं की एकच स्टेम सेल (जी पुढं वेगवेगळ्या पेशी होऊ शकते) मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवली की मेंदूतल्यासारख्या चेतापेशीकडं झुकते, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूकडं आणि त्याहून ताठ जेलवर हाडाकडं. तेव्हा हो, तुमच्या ड्रॉइंगसारखं प्रत्येक अवयवाचं आपलं माप असतं, फरक एवढाच की इथं कास्टिंग स्वतःच माप वाचतं.

वडगावची_लॅबवाली

निपाणीकरांनी छान सांगितलंय, मी दुसऱ्या टोकाकडून सांगते कारण मी २२ वर्षं रक्तच बघतेय. "ड्रॉइंगमध्ये बसलं पाहिजे" हे तुमचं वाक्य तांबड्या पेशीला तर तंतोतंत लागू आहे.

तांबडी पेशी साधारण ८ मायक्रॉनची, आणि बारीक केशिका पाचच्या, काही त्याहून बारीक. प्लीहेत तर तिला एकदोन मायक्रॉनच्या फटीतून निघावं लागतं. १२० दिवस आयुष्य आणि त्यात हजारो वेळा दुमडून, चेपून, परत पसरून जायचं. जी पेशी वाकत नाही ती प्लीहेत अडकते आणि तिथंच संपते, ती एक तपासणीची फटच आहे म्हणा ना, तुमच्या गो नो-गो गेजसारखी, बसलं तर पास नाहीतर बाद. जन्मतः ज्यांच्या पेशी चपट्याऐवजी गोल गोळीसारख्या असतात त्यांना याचमुळं रक्त कमी पडतं आणि कावीळ दिसते. त्याची जुनी टेस्ट आमच्याकडं असते, मिठाच्या पाण्याच्या ओळीनं नळ्या लावायच्या, ०.९ पासून खाली खाली पातळ करत, प्रत्येकीत एकेक थेंब रक्त. चांगल्या पेशी ०.५ पर्यंत तग धरतात, पाणी वर नितळ राहतं. गोल पेशींच्या नळ्या त्याच्या कितीतरी आधीच लालभडक होतात, कारण फुगायला त्यांच्यात जागाच शिल्लक नसते.

सिकलसेल तर सगळ्यांनी ऐकलंय. १९४९ साली पॉलिंग यांनी दाखवलं की हा हिमोग्लोबिनच्या रेणूतलाच दोष आहे, नंतर कळलं की साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो अॅसिड बदललंय. एका जागेचा फरक आणि ऑक्सिजन कमी झाला की आत हिमोग्लोबिनच्या काड्या तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ. ते बघायची रीत अशी, काचेवर रक्ताचा थेंब, त्यात ऑक्सिजन काढून घेणारं मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप आणि कडेनं व्हॅसलीन लावून हवा बंद. मग थांबायचं. पहिल्यांदा शिकत होते तेव्हा अर्धा तास डोळा काढला नव्हता मी. गोल गोल पेशी असतात, बघता बघता एकीला टोक फुटतं, मग शेजारचीला, मग सगळं शेतच विळ्यांचं. ज्याचं ते रक्त होतं त्या पोराच्या हाडात कळा का येतात हे मला पुस्तकात वाचून नव्हतं कळलं, त्या काचेवर कळलं, असल्या पेशी केशिकेत अडकल्या तर रक्त पुढं जाणार कसं. आपल्या देशात २०२३ पासून सिकलसेलसाठी राष्ट्रीय मिशनच आहे, लग्नाआधी तपासून घ्या म्हणून जे सांगतात ते त्यासाठीच.

मलेरियातही तेच, फाल्सिपॅरम जातीचा मलेरियाचा जंतू आत शिरला की पेशी ताठ होते आणि बारीक नळ्यांच्या भिंतीला चिकटते, मेंदूचा मलेरिया त्यातूनच. आणि तुमच्या आबांना शुगर आहे म्हणून सांगते, साखर जास्त दिवस वर राहिली की तांबड्या पेशीही कमी वाकतात. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच ना. तो आकडा किती आहे तेही लिहा इथं.

उद्यमबाग_क्यूसी

ताई, निपाणीकर, दोघांचंही वाचून काल रात्री घरी सगळ्यांना सांगितलं, आबा दोन कोटी पट ऐकून जरा सैल झाले. एवनसी ८.४ आहे ताई.

एक मनात अडकलंय. आमच्या मावशीला छातीत गाठ होती तेव्हा डॉक्टरांनी हातानंच ओळखलं होतं, कडक आहे, हलत नाही म्हणून. म्हणजे कॅन्सरच्या पेशी पण कडकच ना? लिव्हरसारखंच?

निपाणीकर९४

इथंच सगळे फसतात, मी पण फसलो होतो. गाठ कडक, खरं पेशी मऊ!

आमच्याकडं अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आहे, १९८६ साली निघालेलं यंत्र. केसाहून बारीक एक पट्टी असते, टोकाला कधी सुई, कधी पाच मायक्रॉनचा काचेचा मणी. तो मणी पेशीवर हळू टेकवायचा आणि दाबायचा, पट्टी किती वाकली ते लेझर सांगतो, पेशी किती चेपली तेही कळतं. म्हणजे दादा, तुमचं ब्रिनेलच की हे, बॉल बारीक आणि खड्डा परत भरून येणारा! आणि हिशेब करायला आम्ही वापरतो ते हर्ट्झचं समीकरण, १८८२ चं, जे बेअरिंगच्या बॉलला लावतात.

२००७ साली कॅलिफोर्नियात पेशंटच्या छातीत साचलेल्या पाण्यातून पेशी काढून अशाच दाबून बघितल्या, एकाच पाण्यातल्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी शेजारच्या चांगल्या पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. दिसायला दोन्ही सारख्याच होत्या काही ठिकाणी, दाबल्यावर फरक कळला. कारण असं की पेशीचा आतला सांगाडा, ते अॅक्टिनचे दोर, त्यांची मांडणी विस्कटलेली असते, आणि ते तिच्या फायद्याचं पडतं, मूळ गाठीतून निघून फटीफटीतून रक्तवाहिनीत शिरायचं, परत दुसरीकडं बाहेर पडायचं तर मऊच पाहिजे. ताईंची तांबडी पेशी मऊपणावर आपल्याला जगवते आणि हिचा मऊपणाच घात करतो.

मग हाताला कडक काय लागतं? भोवतालचं जाळं. तिथंही कोलॅजन साचतं, धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात, आत पाण्याचा दाब वाढतो. चांगल्या स्तनाचा भाग एक किलोपास्कलच्याही खाली आणि गाठ त्याच्या कितीतरी पट. आणि मघाशी सांगितलं तसं कडक जमिनीवर पेशी आणखी उधळतात. एक मात्र नीट लिहितो कारण कुणी चुकीचा अर्थ काढायला नको, सगळ्या कॅन्सरच्या सगळ्या पेशी मऊच असतात असं नाही, आणि पेशी दाबून निदान करायची पद्धत अजून दवाखान्यात आलेली नाही. गाठ लागली की बायोप्सीच.

जुना_मोल्डर

मी ३१ वरीस मोल्डिंगला होतो, आता घरी शहापुरात. तुमी लिव्हरचं बोलायलाय, छातीचं पण असंच असतंय म्हणून लिहितोय, पोरगा टाइप करून द्यायलाय.

आमच्या टायमाला नॉकआऊटला वाळू फोडताना समोरचा माणूस दिसायचा नाही. तोंडाला टॉवेल. माझ्याबरोबरचे दोघं पन्नाशीतच दोन जिने चढले की बसायचे. मला पण दम लागायला लागला म्हणून छातीच्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी फोटो लावून समजावलं ते अजून ध्यानात हाय. वाळूचा जो बारीक धुराळा डोळ्याला दिसत नाही तोच आत शेवटपर्यंत जातोय, तिथं पांढरी पेशी त्याला गिळतीया, खरं सिलिका तिला पचत नाही, ती मरतीया, कण परत बाहेर, मग दुसरी गिळतीया, ती पण मरतीया. आणि दर खेपेला तिथं व्रण. असं करत करत फुफ्फुस जे स्पंजासारखं फुलायचं ते जुन्या चामड्यासारखं होतंय. हवा आत यायला छाती तर फुलली पाहिजे ना. धूळ बंद झाली तरी आतला कण काम करतच असतोय म्हणाले, आणि झालेलं परत फिरवायचं औषध नाही.

तुमी क्वालिटीला हाय म्हणून सांगतो साहेब, कडकपणा मोजायला खाली शॉपवर जाताना धूळ बघा तेवढी. वाळू ओली करून फोडाय लावा, सक्शन चालू हाय काय बघा, पोरास्नी टॉवेल नको, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या म्हणावं. ह्या आजाराला सिलिकोसिस म्हणत्यात, आणि तो सरकारला कळवायचा आजार म्हणून १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टातच लिहिलेला हुता. आमाला कुणी सांगितलं नव्हतं.

उद्यमबाग_क्यूसी

काका, वाचून गप्पच झालो. आमच्याकडं सक्शन आहे खरं शेकआऊटच्या, म्हणजे वाळू फोडायच्या जागेच्या, एका बाजूलाच. सोमवारी मीटिंग आहे, बोलतो.

खानापूरचा_डॉक्टरकाका

मी निवृत्त एमबीबीएस, गावात ३५ वर्षं प्रॅक्टिस केली. विज्ञान वर भरपूर झालं, मी आबांच्या कागदाकडं येतो.

पहिली गोष्ट, एका आकड्यावर घाबरू नये आणि एका आकड्यावर निर्धास्तही होऊ नये. स्कॅनच्या आधी निदान तीन तास पोट रिकामं लागतं, जेवणानंतर लिव्हरकडं रक्त वाढतं आणि आकडा खोटा वर जातो. लिव्हरला त्या वेळी सूज असेल, हार्ट कमजोर असून लिव्हरमध्ये रक्त तुंबलं असेल तरीही वर जातो, व्रण नसताना. रिपोर्टवर दहा रीडिंग झालीत का बघ आणि शेजारी आयक्यूआर म्हणून टक्केवारी असते, रीडिंग किती विखुरलीत ते सांगणारी, ती ३० च्या वर असेल तर तो स्कॅन फारसा धरू नये, तुझ्या भाषेत दहा ठिकाणी ब्रिनेल घेतलं आणि दहा वेगळे आकडे आले असं.

दुसरं. फॅटी लिव्हरमध्ये ढोबळ मानानं ८ च्या खाली असेल तर काळजी कमी, ८ ते १२ मधला पट्टा, १२ च्या वर पोटविकारतज्ज्ञाकडं जायलाच हवं. ११.८ म्हणजे अगदी कडेवर. त्यामुळं एफआयबी-४ काढून घ्या, रक्ताच्या आकड्यांवरून लिव्हरच्या व्रणाचा अंदाज देतो तो, त्याला फक्त वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट लागतात, कुठलीही लॅब करते. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासा. दारू न पिणाऱ्याला लिव्हर कसं बिघडतं असं लोक विचारतात, तर शुगर आणि पोटावरची चरबी पुरेशी आहे, या आजाराचं नावच २०२३ साली बदलून शुगर-चरबीच्या बिघाडावरून ठेवलं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा व्रण सुरुवातीला मागं फिरतो. लिव्हर हा त्या बाबतीत उदार अवयव आहे, फुफ्फुसाचं तसं नाही, मोल्डर काकांनी लिहिलंय ते खरं आहे दुर्दैवानं. वजन जास्त असेल आणि ते हळूहळू १० टक्के उतरलं तर व्रणसुद्धा कमी झालेला बायोप्सीत दिसलेला आहे. आणि लिव्हर साफ करतो म्हणून जे काढे आणि चूर्णं मिळतात ती आजपासून बंद, असल्या काढ्यांनी बिघडलेली लिव्हरं मी बघितली आहेत. बाकी तुझे डॉक्टर सांगतील तसं.

उद्यमबाग_क्यूसी

काका, कागद परत काढून बघितला. आयक्यूआर ३४ टक्के! आणि आबांना विचारलं तर म्हणाले सकाळी लवकर निघालो होतो, नंबर यायला उशीर होता म्हणून खाली दोन प्लेट इडली-वडा खाल्ला, कुणी नको म्हणालं नाही. मी गाडी लावायला गेलो होतो तेव्हाच खाल्लं, मला पत्ताच नाही.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले परत करून घेऊ. आज केला. रात्री आठनंतर पोटात पाण्याशिवाय काही नाही. यावेळी मी आत उभा होतो, बरगडीवर टक टक असा बारीक आवाज येतो आणि स्क्रीनवर एक तिरकी रेघ पडते, तो आडव्या थरथरीचा वेग असणार म्हणून मी त्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या हो, रेघ जितकी उभी तितकं ताठ. दहा रीडिंग, आयक्यूआर १४ टक्के, आकडा ९.६. म्हणजे मधला पट्टाच आहे, इडलीनं सगळं झालं नव्हतं. एफआयबी-४ चं रक्त दिलंय, बी आणि सी पण. आबांचं वजन ८१ भरलं, ७३ पर्यंत या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय आणि सहा महिन्यांनी परत स्कॅन.

सोमवारची मीटिंग पण झाली, दुसऱ्या बाजूच्या सक्शनचं कोटेशन मागवलंय, मोल्डर काका.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं किती आला. म्हटलं ९.६. पाहिजे किती? म्हटलं पाच-सहा. मग बसमध्ये बराच वेळ काही बोलले नाहीत, खानापूर स्टँडला उतरताना पिशवीतला बेळगावी कुंद्याचा, त्या गोड मिठाईचा, डबा काढून माझ्या हातात दिला, हा परत घेऊन जा म्हणाले, पोरांना दे.